विश्लेषण : सिद्ध वैद्याला पदवी, मग रायगडच्या वैदूला काय? जडीबुटी, कायदा आणि विंचवाचा डंख

हिरकणीवाडीतून रोपवेने रायगडावर जायला अवघी काही मिनिटे लागतात. त्याच वाडीतून महाड गाठायचे तर सुमारे २५ किलोमीटरचा डोंगरी रस्ता उतरावा लागतो. जुलै २०२५ मध्ये रायगडाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, पायथ्याशी पर्यटकांच्या गाड्या वाढल्या, पण रात्री-अपरात्री साप किंवा विंचू चावला तर पहिला प्रश्न आजही तोच असतो : आधी वैदूकडे की थेट दवाखान्यात? केंद्र सरकारने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. या उद्दिष्टाच्या वाटेवर गावचा वैदू नेमका कुठे उभा आहे, तमिळनाडूतल्या सिद्ध वैद्याला मिळालेली मान्यता त्याला का नाही आणि कायदा त्याच्याबद्दल काय म्हणतो, याविषयी...

वैदूचा दिवस कसा असतो?

येथे वैदू म्हणजे गावोगाव फिरणारा, भटक्या जमातींमध्ये गणला जाणारा वैदू समाज नव्हे. महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर झाडपाल्याचे औषध देणाऱ्या कोणत्याही जाणकाराला लोक वैदू म्हणतात. तो कातकरी असेल, गवळी धनगर असेल, नाही तर चार गुंठ्यांत भात-नाचणी पिकवणारा साधा शेतकरी. औषध देणे हा बहुतेकांचा पोटाचा धंदा नसतो. पोट शेतीवर, मजुरीवर, अलीकडे गडावर येणाऱ्या पर्यटकांवर चालते.

त्यामुळे दिवसाची सुरुवात रुग्णांनी नव्हे, रानाने होते. गुरे सोडताना किंवा लाकूडफाट्याला जाताना वाटेवरचा पाला, मूळ, साल काढून आणली जाते. ताजे लागते ते रोज आणायचे, सुकवून ठेवायचे ते हंगामात. जुलाबासाठी कुड्याची साल, खोकल्याला अडुळसा, तापाला गुळवेल आणि किराईत, सुजेवर निरगुडीचा शेक, मुका मार आणि मोडलेल्या हाडावर कांडवेल, कापल्या-खरचटल्यावर दगडी पाला. ही यादी कोकणात कुठेही थोड्याफार फरकाने हीच सापडते. कडुनिंबावर चढलेली गुळवेल अधिक गुणाची, हा समजही सगळीकडचा. पावसाळ्यात रान भरलेले असते, पण वाटा निसरड्या आणि ओढे भरलेले. शेतीचीही घाई तेव्हाच. उन्हाळ्यात वेळ असतो तर पाला नसतो.

रुग्ण येतात ते सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला, म्हणजे ज्या वेळी वैदू घरी सापडतो तेव्हा. कावीळ, मुतखडा, मूळव्याध, नागीण, मुरगळा, लहान मुलांचे पोट हे नेहमीचे विषय. काही औषधांना वार ठरलेला असतो, विशेषतः कावीळीच्या. पथ्य कडक असते : तेल बंद, तिखट बंद, मासे बंद. फी सांगायची नाही, हा अनेक ठिकाणचा दंडक आहे. नारळ, तांदूळ, पानसुपारी किंवा समोरचा ठेवेल ते. औषधाचे पैसे घेतले की हाताचा गुण जातो, असे मानले जाते. झाडाचे नाव सांगितले तरी गुण जातो, असेही मानले जाते. पहिल्या समजुतीने वैदूला गरिबांसाठी परवडणारा केले. दुसरीने त्याचे ज्ञान त्याच्याबरोबरच संपण्याची सोय करून ठेवली. मुलगा महाडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा मुंबईला कामाला गेला की ते नाव कुणाला सांगायचे?

मग सिद्ध वैद्य वेगळा कसा?

मराठी माणसाला ‘सिद्ध’ म्हटले की नाथपंथ किंवा सिद्धपुरुष आठवतो. वैद्यकातली सिद्ध पद्धती मात्र तमिळ आहे. ‘आयुष’ या शब्दाच्या इंग्रजी रूपातला ‘एस’ तिचाच. परंपरेनुसार अगस्त्यांसह १८ सिद्धर तिचे प्रवर्तक मानले जातात. वात, पित्त, कफ ही चौकट आयुर्वेदासारखीच, पण ग्रंथ तमिळमध्ये, ताडपत्रांवर. धातू आणि खनिजांच्या औषधांवर भर, नाडीपरीक्षा, लघवीवर तेलाचा थेंब टाकून तो कसा पसरतो यावरून निदान, ही तिची काही वैशिष्ट्ये.

शंभर वर्षांपूर्वीच्या तमिळ खेड्यातला परंपरागत सिद्ध वैद्य आणि रायगडच्या पायथ्याचा वैदू यांच्या दिनक्रमात फार फरक नसावा. फरक पडला तो नंतर. तमिळ वैद्याच्या ज्ञानामागे लिखित ग्रंथ होते, भाषेचा अभिमान होता आणि त्यामागे उभे राहणारे सरकार होते. तिरुनेलवेलीजवळच्या पाळयंकोट्टै येथे १९६४ मध्ये सरकारी सिद्ध महाविद्यालय सुरू झाले. चेन्नईजवळ तांबरम येथे २००५ मध्ये राष्ट्रीय सिद्ध संस्था उभी राहिली. साडेपाच वर्षांची पदवी, नोंदणी आणि सरकारी दवाखान्यातली खुर्ची, असा आजच्या सिद्ध डॉक्टरचा मार्ग आहे. डेंग्यूच्या साथीत ‘निलवेंबू कुडिनीर’ आणि करोनाकाळात ‘कबसुर कुडिनीर’ हे काढे तमिळनाडू सरकारने स्वतः वाटले. त्यांच्या परिणामकारकतेवर वाद झाले, पण काढा देणारा कोण, हे कागदावर स्पष्ट होते.

अर्थात तमिळनाडूतही सगळे वैद्य पदवीच्या दारातून आत गेले नाहीत. घराण्यातून विद्या घेतलेले, पण पदवी नसलेले ‘परंपरै वैद्यर’ तिथेही कायद्याबाहेरच आहेत. म्हणजे मान्यता पद्धतीला मिळाली, माणसाला नाही. रायगडच्या वैदूकडे पद्धतीचेही नाव नाही. त्याचे औषध आयुर्वेदाच्या ग्रंथात असेल किंवा नसेलही. ते त्याला आजीकडून मिळालेले असते.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ नुसार नोंदणी नसलेल्या व्यक्तीने वैद्यकीय व्यवसाय करणे गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. केंद्राच्या १९७० च्या कायद्यात आणि त्याची जागा घेणाऱ्या राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग कायदा, २०२० मध्येही नोंदणीची अट आहे. केरळमधल्या पारंपरिक वैद्यांनी याविरोधात सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलो, आता पदवी कुठून आणायची, हा त्यांचा युक्तिवाद. न्यायालयाने १३ एप्रिल २०१८ रोजी तो फेटाळला. मान्यताप्राप्त पात्रता नसलेल्यांना उपचार करू देणे म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ होऊ देणे, असा निकालाचा आशय होता.

पण कायद्याच्या दुसऱ्या कपाटात वैदूचे नाव आदराने घेतलेले आढळते. जैवविविधता कायदा, २००२ मध्ये स्थानिक लोकांबरोबर वैद आणि हकीम यांना रानातली वनस्पती वापरण्यासाठी खास मुभा आहे. २०२३ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली, तिच्यातही उपजीविकेसाठी देशी वैद्यक करणाऱ्या वैद-हकिमांचा उल्लेख कायम आहे. थोडक्यात, कुड्याची साल काढताना कायदा वैदूला ओळखतो, ती साल उगाळून रुग्णाला देताना ओळखत नाही.

याच दुरुस्तीत आणखी एक मेख आहे. ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्या उद्योगांना लाभांश वाटपातून सूट मिळाली. सिद्ध, आयुर्वेद, युनानीचे ग्रंथ २००१ पासून सरकारच्या पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालयात नोंदवले जात आहेत. परदेशी पेटंट अडवण्यासाठी ते उपयोगी आहे, हळदीच्या पेटंटची लढाई भारताने १९९७ मध्ये जिंकली त्यानंतरची ही खबरदारी. तोंडी ज्ञानाचे मात्र तसे नाही. ते गावपातळीवरच्या लोक जैवविविधता नोंदवहीत यावे, अशी अपेक्षा आहे. झाडाचे नाव सांगितले की गुण जातो असे मानणारा वैदू त्या नोंदवहीत काय लिहून देणार, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

मोबाइलवर ‘मुतखडा सात दिवसांत विरघळवा’ असे व्हिडीओ टाकणाऱ्यांसाठी वेगळा कायदा आहे. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत ५४ आजार आहेत, मुतखडा त्यातला एक. या आजारांवर इलाजाची जाहिरात करणेच बेकायदा आहे. वाडीतला वैदू सहसा जाहिरात करत नाही. त्याचे नाव वापरून शहरात पुड्या विकणारे करतात.

औषधाला गुण येतो तो खरा की खोटा?

दोन्ही. आणि गोंधळ इथेच आहे.

सर्पगंधेचे उदाहरण घ्या. सापाच्या विषावर म्हणून नावारूपाला आलेली ही वनस्पती. विषावर तिचा उपयोग नाही. पण मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबावरचा तिचा परिणाम मांडला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळे काढले गेले. लोकज्ञान चुकीच्या आजाराबद्दल बोलत होते, पण झाड बरोबर होते.

भुईआवळीची गोष्ट उलटी. कावीळीवर कोकणातले वैदू ती देतात आणि तमिळ सिद्ध वैद्यही ‘कीळानेल्ली’ या नावाने हीच देतात. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये हेपेटायटिस बी विषाणूच्या दीर्घकालीन वाहकांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. औषध घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली होती, खोटे औषध घेतलेल्या २३ पैकी फक्त एकाच्या. खळबळ उडाली. पण पुढे इतरांनी केलेल्या अभ्यासांत हा परिणाम तसा दिसला नाही. मग वाडीत कावीळ बरी कशी होते? गावात पसरणारी बहुतांश कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या हेपेटायटिस ए किंवा ई विषाणूची असते. ती विश्रांती आणि साध्या आहाराने काही आठवड्यांत बहुधा आपोआप बरी होते. श्रेय रविवारी दिलेल्या औषधाला जाते. ई प्रकारची कावीळ गर्भवतीसाठी मात्र जीवघेणी ठरू शकते, आणि तिथे आठवडाभर पथ्य पाळत थांबणे महागात पडते.

सापाचे गणितही असेच. भारतात आढळणारे बहुतेक साप बिनविषारी आहेत. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही. समजा, वर्षभरात वैदूकडे दंशाचे दहा रुग्ण आले आणि त्यातल्या सात जणांच्या शरीरात विष गेलेच नव्हते. वैदूने काहीही केले किंवा न केले तरी सात जण चालत घरी जाणार. ‘दहातले सात वाचवले’ ही कीर्ती पंचक्रोशीत पसरणार. उरलेल्या तिघांबद्दल गाव म्हणणार की त्यांची वेळ भरली होती. यात वैदू लबाड असण्याची गरज नाही. मोजणी नसली की प्रामाणिक माणसाचीही फसगत होते.

बिरवाडीत काय घडले होते?

मोजणीने काय होते, हे पाहायला महाड तालुक्याबाहेर जावे लागत नाही. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावलेली मुले आणि धडधाकट माणसे त्यांच्यासमोर दगावत होती. अनेक जण आधी मंत्र, अघाड्याचे मूळ, विंचू उतरवणारा असे सगळे करून मग येत. दवाखान्यातही नेमका उपचार नव्हता. म्हणजे त्या काळी वैदू आणि डॉक्टर दोघेही जवळजवळ सारखेच हतबल होते, हे सांगायला हवे.

बावस्करांकडे मोठी प्रयोगशाळा नव्हती. रुग्णाच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवणे एवढे हातात होते. उलटी, दरदरून घाम, हातपाय गार पडणे, मग रक्तदाबाची उसळी आणि शेवटी फुप्फुसात पाणी, हा क्रम त्या नोंदींतून पुढे आला. १९८२ मध्ये त्यांचे निरीक्षण ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पुढे रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यांनी विंचूदंशावर वापरली. विषामुळे शरीरात उसळणाऱ्या संप्रेरकांच्या वादळाला ती अटकाव करते. गंभीर रुग्णांतले ३० ते ४० टक्क्यांच्या घरातले मृत्यूचे प्रमाण एक-दोन टक्क्यांपर्यंत खाली आले. विंचवाच्या प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे त्यांनी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गोळी सापडली आणि वैदू व दवाखाना यांच्यातली बरोबरी संपली. त्यानंतर विंचूदंशात वैदूकडे घालवलेला प्रत्येक तास हा निव्वळ तोटा आहे. गोळी जितकी लवकर, तितका हृदयावरचा ताण कमी. कोकणात एप्रिल ते जून आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे उन्हाळी कामांत आणि भातकापणीच्या सुमारास, हे रुग्ण वाढतात.

मंत्र घालणे हा गुन्हा आहे का?

रुग्णाला दवाखान्यात जाण्यापासून रोखले तर, होय. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर राज्यात आलेल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत याचा स्पष्ट उल्लेख आहे. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे असे उपचार करणे हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे आणि पाच हजार ते ५० हजार रुपये दंड.

यातला ‘रोखून’ हा शब्द महत्त्वाचा. जखमेवर पाला बांधून ‘आता गाडी बोलवा आणि महाडला न्या’ म्हणणारा वैदू या कलमात बसत नाही. मात्र १९६१ च्या कायद्याने तोही अडचणीत येऊ शकतो. भीतीपोटी तो पुढे पाठवलेल्या रुग्णाबरोबर दवाखान्यात जात नाही, काय दिले ते डॉक्टरला सांगत नाही. नातेवाईकही बोलणी बसतील म्हणून सांगत नाहीत. कळलावीसारख्या विषारी मुळीचा लेप की अर्क दिला, हे माहीत नसलेल्या डॉक्टरची अडचण मोठी असते. कळलावीतील कोल्चिसिन पोटात गेले तर जीव जाऊ शकतो.

रानावर काय परिणाम होतो?

वैदू वर्षाला पिशवीभर साल नेतो. खरा उपसा बाजार करतो. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कर्करोगाच्या औषधांसाठी लागणारे कॅम्प्टोथेसिन असते. त्यासाठी हे झाड तस्करांनी बेसुमार तोडले. सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आता निर्बंध आहेत. करोनाकाळात गुळवेलीची मागणी वाढली तेव्हा शेजारच्या ठाणे जिल्ह्यातील शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्रामार्फत मोठ्या कंपन्यांकडून सुमारे दीड कोटी रुपयांच्या मागण्या मिळवल्या. रानातल्या ज्ञानाला सन्मानाने पैसा मिळू शकतो, याचे हे दुर्मीळ उदाहरण. एरवी मुळी खणणाऱ्याला मजुरी मिळते, बाकी सगळे पुढच्या साखळीला.

वैदूला यंत्रणेत जागा देता येईल का?

काही ठिकाणी प्रयत्न झाले आहेत. मेळघाटात कोरकू समाजाचे भूमका आजारी बालकांच्या पोटावर गरम सळईने डागण्या देत. निव्वळ कारवाईने ते थांबेना, तेव्हा प्रशासनाने भूमकांनाच हाताशी धरले आणि रुग्ण दवाखान्यात आणल्याबद्दल त्यांना मानधन देण्याचा मार्ग काढला. नेपाळच्या तराई भागात सर्पदंशाच्या रुग्णाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तातडीने उपचार केंद्रात नेणारे स्वयंसेवक तयार केले गेले. लोकशिक्षणाची जोड मिळाली आणि तिथल्या अभ्यासात दंशानंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आले. प्रतिविष तेच होते, बदलला तो वेळ.

भारतीय गुणवत्ता परिषदेने पारंपरिक आरोग्यसेवा देणाऱ्यांसाठी ऐच्छिक प्रमाणपत्र योजना आणली आहे. कावीळ, हाडे बसवणे, सुईणपण अशा विभागांत वैदूचे ज्ञान तपासून प्रमाणपत्र दिले जाते. पण हे प्रमाणपत्र म्हणजे व्यवसायाचा परवाना नव्हे. वैदूने ते भिंतीवर लावले तरी कलम ३३ तसेच राहते.

पदवीशिवाय उपचाराची सरसकट मोकळीक देणे धोक्याचे आहे, २०१८ चा निकाल त्या अर्थाने योग्यच म्हणावा लागेल. पण रुग्णाला वेळेत पुढे पाठवणे हे उपचार करणे नव्हे. त्यासाठी नोंदणी लागू नये. देशात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार मृत्यू होतात, असा २००० ते २०१९ या काळावरील अभ्यासाचा अंदाज आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंश नोंदणीयोग्य आजार घोषित करावा, असे राज्यांना कळवले. नोंद दवाखान्यात होईल. वैदूच्या अंगणात दगावलेल्याची नोंद त्यात येणार नाही, जोवर तो वैदू आशा सेविकेशी बोलायला घाबरतो तोवर.

दंश झाल्यास नेमके काय करावे?

दंश झालेला हात किंवा पाय फळी लावून स्थिर ठेवा, रुग्णाला चालवू नका. जखम कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा. कडक मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावतो आणि खूण अनेकदा दिसतही नाही, त्यामुळे पहाटे अचानक पोटात दुखणे, पापण्या जड होणे ही लक्षणे दिसल्यास थांबू नका. साप मारून आणण्याची गरज नाही. १०८ वर फोन करा, रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने प्रतिविष उपलब्ध असलेले रुग्णालय गाठा. विंचू चावल्यावर घाम, उलटी किंवा हातपाय गार पडणे सुरू झाल्यास तीच घाई करा. आणि वैदूने आधी काही प्यायला दिले असेल, तर ते काय होते हे डॉक्टरला सांगा. जमल्यास वैदूलाच गाडीत सोबत घ्या.